पिकअपचे मडफ्लॅप आणि चाकावरचे लायनर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडवर मे संपत आला की पिकअपवाल्यांची रांग लागते, आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. ते लोकांनी विचारले तसेच इथे घेतले आहेत. उत्तरं देताना बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त अशा मालवाहू गाड्या डोळ्यांसमोर आहेत. डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा हायलक्स असेल तर आधी प्रश्न ३ वाचा.

१. मडफ्लॅप आणि लायनर यांत फरक काय? एक असलं तर दुसरं कशाला?

फ्लॅप चाकाच्या मागे लोंबतो. लायनर चाकाच्या वर, कमानीच्या आतून बसतो. चाकाला लागलेला चिखल दोन वाटांनी उडतो. काही सरळ मागे जातो, मागच्या गाडीच्या काचेवर किंवा दुचाकीवाल्याच्या तोंडावर. काही चाकाबरोबर वर चढतो आणि कमानीच्या पत्र्यावर, हेडलाइटच्या वायरिंगवर, हॉर्नवर, दाराखालच्या पट्टीच्या जोडात जाऊन बसतो. पहिल्याला फ्लॅप अडवतो, दुसऱ्याला लायनर.

दोन्हीचा खर्च एकदम जमत नसेल तर आधी मागचे दोन फ्लॅप लावा. लायनर नसला तर नुकसान तुमच्या पत्र्याचं होतं, फ्लॅप नसला तर दुसऱ्याच्या डोळ्याचं. गगनबावडा रस्त्याला पहाटे दुधाच्या किटल्या अडकवलेली दुचाकी तुमच्या मागे असते. तुमच्या चाकातून सुटलेला खडा त्या माणसाला चुकवता येत नाही.

२. माझी गाडी शाहूपुरी, गांधीनगर, शिरोली एवढीच फिरते. मला गरज आहे का?

आहे, थोडी कमी. आपल्या जिल्ह्यात चिखल दोन जातींचा. करवीर, हातकणंगले, शिरोळकडची काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकटते आणि वाळली की सिमेंटसारखी घट्ट बसते. तिच्यातली ओल आत बरेच दिवस टिकते, त्यामुळे पत्रा बाहेरून कोरडा दिसतो आणि आतून कुजत असतो. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडे जांभ्याचा तांबडा चिखल. तो पातळ असतो, पण त्यातली बारीक खर रंगावर पॉलिश पेपरसारखी घासते.

आणि हे फक्त पावसाळ्यापुरतं नाही. गळीत हंगामात शेतातून वर आलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या टायरमधली ढेकळं डांबरावर पडतात, रात्रीच्या दवाने भिजतात आणि सकाळी तुमच्या चाकाला लागतात. डिसेंबरात पाऊस नसताना गाड्या चिखलाने माखलेल्या दिसतात त्या यामुळे.

३. माझ्या पिकअपला मागे कमानच नाही. मग लायनर लावायचं कुठे?

बरोबर आहे. मालवाहू पिकअपचा हौदा, म्हणजे माल भरायचा मागचा भाग, चासीवर, चाकांच्या वर सपाट बसवलेला असतो. मागे हौद्याचा तळ आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) एवढंच असतं, बंद कमान नसते. तिथे लागतं ते चाकावरचं मडगार्ड आणि त्याच्या मागे फ्लॅप. लायनर फक्त पुढच्या दोन चाकांना, केबिनच्या कमानीत बसतो.

डी-मॅक्स व्ही-क्रॉस, हायलक्स यांच्या मागच्या डब्यात चाकाची कमान आत आलेली असते, म्हणून त्यांना चार लायनर लागतात. तुमच्या गाडीला कंपनीतूनच काही कमानींत प्लास्टिक आलेलं असू शकतं. विकत घ्यायच्या आधी चाकाखाली बॅटरी मारून बघा आणि हात घालून चाचपा. नुसता रंगवलेला पत्रा हाताला लागला तर लायनर नाही.

४. रबरी फ्लॅप चांगला की प्लास्टिकचा? फौंड्रीतल्या जुन्या बेल्टचे कापून लावले तर चालतील का?

मालवाहू गाडीला रबरी. प्लास्टिकचा घडीव फ्लॅप दिसायला नेटका असतो, पण दगडाला किंवा फुटपाथच्या कडेला अडला की तडकतो. रबर वाकतं आणि परत जागेवर येतं. मागे ६ ते ८ मिमी जाडीचं रबर पुरतं. त्याहून पातळ असलं तर वेगात मागे उडत राहतं आणि काम करत नाही.

कन्व्हेयर बेल्टचा तुकडा चालतो, आपल्याकडे वर्षानुवर्षं लावतात. मात्र आत कापडाचे थर असलेलाच घ्या. काही बेल्टमध्ये पोलादी तारा असतात. कड झिजली की त्या तारा बाहेर येतात आणि टायरच्या बाजूला किंवा गाडी धुणाऱ्या पोराच्या हाताला लागतात. कापलेल्या कडेकडे नीट बघितलं तर तार लगेच दिसते. तेलाने मऊ पडलेला बेल्टही नको, तो बोल्टच्या भोकापासून फाटतो.

लायनरचं उलट आहे. तो प्लास्टिकचाच हवा, साधारणपणे पॉलिप्रॉपिलीनचा. हलका असतो, ओल धरत नाही. पत्र्याचे लायनर कुणी बनवून देत असेल तर घेऊ नका. गंजणाऱ्या पत्र्याला दुसरा गंजणारा पत्रा झाकून काही साधत नाही.

५. फ्लॅप जमिनीपासून किती उंच ठेवायचा? कुणी वीतभर सांगतो, कुणी चार बोटं.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नुसत्या उंचीवरून काही ठरत नाही, फ्लॅप चाकापासून किती मागे आहे तेही बघावं लागतं. खडा टायर जमिनीला टेकतो त्या जागेपासून सुटतो आणि तिरका वर जातो. फ्लॅप जितका मागे, तितका तो खडा फ्लॅपपर्यंत पोहोचेस्तोवर वर आलेला असतो. म्हणून चाकाजवळचा फ्लॅप खालपर्यंत हवा, लांबचा थोडा वर चालतो.

माझा हिशेब असा: टायर जमिनीला टेकतो तिथपासून फ्लॅपपर्यंतचं आडवं अंतर मोजायचं आणि त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी फ्लॅपच्या खालच्या कडेची उंची ठेवायची. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७० सेंमी, म्हणजे मध्यापासून मागच्या कडेपर्यंत ३५. फ्लॅप टायरपासून १० सेंमी मागे असेल तर अंतर ४५ आणि उंची १५ सेंमी. हौद्याच्या रचनेमुळे फ्लॅप आणखी मागे गेला आणि अंतर ६० झालं, तर २० सेंमी चालेल.

दुसरी गोष्ट म्हणजे माप भरलेल्या गाडीवर घ्यायचं. वडिलांच्या पिकअपला मी पहिल्यांदा फ्लॅप लावले ते रिकाम्या गाडीवर मोजून. दुसऱ्या दिवशी वाळू भरली, पाटे बसले, फ्लॅप रस्त्याला टेकला. उतरवायच्या जागी मागे घेताना त्याचा कोपरा टायरखाली गेला आणि दोन बोल्टसकट हातभर पत्रा उपटून आला. ती दुरुस्ती करताना जे शिकलो ते आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो: तुम्ही रोज जेवढा माल भरता तेवढा भरून या, मग मोजू. पुढचा भाग वजनाने फारसा बसत नाही, तिथे रिकाम्या गाडीचं माप चालतं.

रुंदी टायरएवढी हवीच, वर दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंमी. मागे जोडचाकं असतील तर दोन्ही टायर झाकले पाहिजेत.

६. बॉडीला भोक पाडायला मन होत नाही. बिनभोकाचं बसत नाही का?

बऱ्याच गाड्यांत बसतं. कमानीच्या कडेला आणि पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला कंपनीची भोकं असतात, त्यांवर रबरी बूच किंवा स्क्रू असतो. गाडीच्या मॉडेलचा खास लायनर त्याच भोकांवर बसतो. सगळ्या गाड्यांना चालणारा म्हणून विकला जाणारा लायनर मात्र कापाकापी आणि भोकं मागतो.

भोक पाडावंच लागलं तर आधी ३ मिमी, मग ६ मिमी बोल्टसाठी साडेसहा मिमी. कड कानशीने साफ करा, धातूचा कीस झाडून काढा आणि उघड्या कडेला झिंक प्रायमर व वर रंग लावा. रंग वाळल्याशिवाय बोल्ट घालू नका. ही दहा मिनिटांची वाट कुणी बघत नाही आणि गंज नेमका त्या भोकापासून सुरू होतो. गाडी वॉरंटीत असेल तर ड्रिल हातात घेण्याआधी वॉरंटीच्या पुस्तिकेतला गंजाबद्दलचा मजकूर वाचा. मागे हौद्याला किंवा चासीला पट्टी लावताना चासीला भोक कधीच पाडू नका, क्लॅम्प किंवा असलेली पट्टी वापरा.

७. घरच्या घरी बसवता येईल का? क्रम सांगा.

पुढचे लायनर बसवायला अर्धा दिवस धरा. सपाट, कडक जमीन हवी. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक लावा आणि चासीखाली स्टँड ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका, कितीही घाई असली तरी.

चाक काढल्यावर लगेच लायनर लावायचा मोह होतो. आधी कमान धुवा. पत्र्याच्या दुमडीत बोट फिरवा, तिथे जुना चिखल दडलेला असतो. पूर्ण वाळू द्या, शक्यतो एक रात्र. गंजाचे ठिपके तारेच्या ब्रशने घासून प्रायमर आणि रंग लावा. ओल्या पत्र्यावर लायनर बसवणं म्हणजे गंजाला घर बांधून देणं.

मग लायनर नुसता धरून बघा. ब्रेकची नळी, एबीएस असेल तर चाकाजवळच्या सेन्सरची वायर आणि हेडलाइटची वायरिंग कुठे दबत नाही ना, ते आधी तपासा. वरची क्लिप पहिली, मग बाजूच्या, खालच्या शेवटी, आणि सगळ्या बसेपर्यंत एकही पूर्ण घट्ट करू नका. प्लास्टिकवर बोल्ट येतो तिथे रुंद वॉशर घाला, नाहीतर भोक मोठं होऊन लायनर सुटतो.

चाक लावल्यावर नट एकाआड एक आवळा आणि गाडी खाली उतरवून शेवटचा जोर द्या. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. टायर आणि लायनर यांत सगळीकडे किमान दोन बोटं मोकळी हवीत. शे-दीडशे किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट आणि सगळ्या क्लिपा परत बघा.

मागचे फ्लॅप त्या मानाने सोपे. वर लोखंडी पट्टी, मध्ये रबर, तीन बोल्ट, नायलॉनचे लॉकनट. सायलेन्सरची नळी ज्या बाजूला आहे तिथे रबर नळीपासून किमान वीतभर दूर ठेवा.

८. लायनर लावल्यापासून वळताना खरखर आवाज येतो.

टायर घासतोय. खडू घ्या, टायरच्या खांद्यावर फासा, दोन वळणं घ्या. लायनरवर जिथे खडू उठला ती जागा. बहुतेक वेळा क्लिप नीट बसलेली नसते आणि लायनर खाली झुकलेला असतो. नुसत्या सरळ रस्त्यावर, खड्ड्यात आदळल्यावरच आवाज येत असेल तर वरच्या मधल्या क्लिपा बघा. टायर मोठे घातले असतील तर प्रश्न १३.

९. लायनरच्या मागे चिखल साठून उलट जास्त गंज लागतो म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि म्हणूनच लावून विसरायची ही वस्तू नाही. लायनर आणि पत्रा यांच्यात फट असते. वरून पानं येतात, खालून बारीक गाळ शिरतो. उघड्या कमानीतला चिखल निदान वाऱ्याने वाळतो, बंद कमानीतला वाळत नाही. ज्याला लायनर कधीच काढायचा नाही, त्याने तो लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अशा माणसाने कमान उघडी ठेवून दर आठवड्याला पाण्याने धुतलेली बरी.

लावणार असाल तर लायनरच्या सगळ्यात खालच्या टोकाला पाणी निचरायची वाट ठेवा. काही जण आवाज कमी व्हावा म्हणून सगळ्या कडा सिलिकॉनने बंद करून आणतात, ते सिलिकॉन मी आधी खरवडून काढतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा खालच्या दोन-तीन क्लिपा काढून आत पाणी मारा. पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आसपास, लायनर पूर्ण उतरवून आतला पत्रा बघा. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायचाच असतो, त्याच दिवशी हेही होतं. उंदरांनी घर केलं असेल तर तेही तेव्हाच सापडतं.

१०. सर्व्हिसिंगवाला खालून डिझेल किंवा जळकं ऑइल फवारतो. गंजाला चांगलं असतं म्हणे?

पत्र्याला चार दिवस तेलकटपणा मिळतो, पण रबराचं नुकसान होतं. डिझेल आणि ऑइलने साधं रबर फुगतं, मऊ पडतं. यात फ्लॅप आला, पाट्यांचे आणि सस्पेन्शनचे बुशही आले. ब्रेकवर उडालं तर गोष्ट जिवाशी येते. शिवाय तेलावर धूळ चिकटून लायनरमागे लगदा होतो. त्याऐवजी कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर रबराइज्ड अंडरकोटिंग मारून घ्या. ते सायलेन्सर, ब्रेक आणि निचऱ्याच्या भोकांवर जाऊ देऊ नका.

११. माझी गाडी हंगामात उसाच्या फडात जाते. काही वेगळं करावं लागेल?

पाचट बघावं लागेल. वाळकं पाचट मागच्या फ्लॅपच्या पट्टीत, पाट्यांत आणि लायनरच्या वरच्या कडेत अडकतं. सायलेन्सरच्या तापलेल्या नळीला लागलं तर पेट घेऊ शकतं. फडातून वर आलं की रस्त्याला लागण्याआधी खाली वाकून एकदा हाताने ओढून काढा, सायलेन्सरजवळ मात्र काठीने. फडात पुढचे फ्लॅप सरीच्या वरंब्याला अडतात, म्हणून तिथे जाणाऱ्या गाडीला पुढचे फ्लॅप प्रश्न ५ मधल्या हिशेबापेक्षा ४-५ सेंमी वर ठेवले तरी चालतील. मागचे नाही.

१२. मालवण, रत्नागिरीहून मासे आणतो. तीन वर्षांत पत्र्याची चाळण झाली.

तुमचा त्रास चाकातून येणाऱ्या चिखलापेक्षा हौद्यातून गळणाऱ्या पाण्याचा आहे. बर्फाचं मिठाळ पाणी फळ्यांच्या फटीतून मागच्या मडगार्डवर, फ्लॅपच्या पट्टीवर आणि पाट्यांवर ठिबकतं. फ्लॅपने ते थांबत नाही. हौद्याच्या तळाला एका कोपऱ्यात निचरा काढून रबरी नळीने पाणी चाकं आणि चासीपासून लांब, हौद्याखाली बसवलेल्या डब्यात न्या, आणि डबा रस्त्यावर न ओतता योग्य जागी रिकामा करा. फ्लॅपची पट्टी आणि बोल्ट गॅल्व्हनाइज्ड घ्या. खेप उतरली की त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, उद्यावर ढकलू नका.

१३. टायर मोठे घातलेत, मागचे पाटेही वाढवलेत. जुनेच फ्लॅप चालतील?

मागे पाटे वाढवल्यावर गाडी रिकामी असताना उंच उभी राहते, म्हणजे फ्लॅपही वर गेला. प्रश्न ५ प्रमाणे परत मोजा, बहुधा लांब फ्लॅप लागेल. पुढे रुंद टायर असतील तर लायनर कापून जागा करण्याआधी विचार करा. स्टीअरिंग पूर्ण वळवून, पुढचं एक चाक उंचवट्यावर चढवून बघा. तेव्हाही लागत असेल तर टायर त्या गाडीसाठी मोठा आहे. लायनर कापला तर टायर उद्या वायरिंगला घासेल.

१४. पासिंगला अडवतात का?

मडफ्लॅप किंवा लायनरची आरसी बुकात नोंद नसते. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या नोंदीतला मूळ तपशील बदलण्याबद्दल आहे, आणि फ्लॅपने तो बदलत नाही. मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग असतं. त्याआधी एवढं बघा: फ्लॅपने नंबरप्लेट, मागचे दिवे किंवा रिफ्लेक्टर झाकलेले नसावेत, पट्टीचं टोक बॉडीच्या बाहेर आलेलं नसावं, बोल्टचे टोकदार शेंडे रस्त्याच्या बाजूला नसावेत. फ्लॅपवर रिफ्लेक्टर लावायचा असेल तर मागच्या बाजूला लालच लावा, पांढरा नको.

१५. रिव्हर्स घेताना फ्लॅप दर वेळी फाटतो.

तीन कारणं असतात: फ्लॅप फार खाली, टायरच्या फार जवळ, किंवा खालून मोकळा. पहिल्या दोहोंचा उपाय प्रश्न ५ मध्ये आहे. तिसऱ्यासाठी खालच्या बाहेरच्या कोपऱ्याला भोक पाडून बारीक साखळीने तो मागच्या बाजूला बांधा. तिने फ्लॅप टायरखाली ओढला जात नाही. साखळी थोडी सैल ठेवा, ताणून बांधली तर फ्लॅप वाकू शकत नाही. बाजार समितीच्या धक्क्याला लावायच्या आधी एकदा उतरून बघणं हाही उपायच.

१६. पुराच्या पाण्यात गाडी उभी होती. लायनर काढावे लागतील?

हो, सगळे, आणि लगेच. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर ज्यांनी बाहेरून धुऊन गाड्या रस्त्यावर काढल्या, त्यांच्या लायनरमागून पुढच्या उन्हाळ्यात वाळलेला गाळ थापीने काढावा लागला. पंचगंगेचा गाळ इतका बारीक असतो की क्लिपच्या भोकातूनही आत जातो. लायनर उतरवा, पत्र्याची दुमड आणि दाराखालच्या पट्टीतली निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, वायरिंगचे जोड उघडून वाळवा. गाडी चालू करण्याआधी ऑइल आणि एअर फिल्टर मेकॅनिककडून तपासून घ्या, हे काम लायनरच्या आधीचं. नदीकाठी राहत असाल तर राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आली की गाडी उंचावर न्या, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका.

१७. कमानीचा पत्रा आधीच कुजलाय. वरून लायनर लावला तर झाकलं जाईल ना?

झाकलं जाईल, पण थांबणार नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टोक आत गेलं तर तिथला पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंग करावा लागेल. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला सांगा. वर प्रायमर आणि रंग, मग लायनर. नुसता वरचा रंग उडून तांबूस झालं असेल आणि पत्रा ठणठणीत वाजत असेल तर प्रश्न ७ प्रमाणे घासून रंगवलं तरी पुरे.

१८. करूळ घाटात फ्लॅप अर्धा तुटून लोंबायला लागला. काय करायचं?

कठड्याजवळ, वळणापासून लांब थांबा, चारही इंडिकेटर लावा, चाकाला दगड द्या. लोंबणारा तुकडा तारेने वर बांधत बसू नका, तार तुटली की तो चाकात जातो. दहा नंबरचा पाना असेल तर बोल्ट काढून फ्लॅप हौद्यात टाका, नसेल तर जिथून फाटलाय तिथून पूर्ण कापून घ्या. मग खाली उतरेपर्यंत वेग कमी ठेवा आणि मागे दुचाकी आली की तिला पुढे जाऊ द्या.